आरोग्यमंत्र्याला एकच पान

दिल्लीत नवं मंत्रिमंडळ शपथ घेणार असलं की आमचे घरमालक सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून टीव्हीसमोर बसायचे. पंतप्रधान कोण, अर्थखातं कोणाला, संरक्षण कोणाला, यात त्यांना काडीचा रस नव्हता. शपथविधी संपला की ते उठून जेवायचे आणि खातेवाटपाची यादी यायच्या वेळेला पुन्हा येऊन बसायचे. यादी सरकत सरकत आरोग्य खात्यावर आली, नाव दिसलं, की टीव्ही बंद. उरलेला देश कोण चालवणार हे आम्हाला शेजाऱ्यांकडून कळायचं. ते आत जाऊन टेबलाशी बसायचे आणि नव्या आरोग्यमंत्र्याला पत्र लिहायचे.

पत्र एकच पान असायचं. एकदा मी विचारलं, "काका, एवढं सगळं सांगायचंय तर दोन पानं लिहा की."

"दुसरं पान मंत्री वाचत नाही," ते म्हणाले. "मी पाहिलंय."

त्यांनी खरंच पाहिलं होतं. पस्तीस वर्षं ते दिल्लीत केंद्रीय आरोग्यमंत्र्यांच्या कार्यालयात लघुलेखक होते. मंत्री बोलायचे ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं आणि टाइप करून सहीला ठेवायचं, हे त्यांचं काम. मंत्री बदलायचे, कधी कधी वर्षात दोनदा. हे मात्र खुर्चीसारखे तिथेच. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्याच्या विश्रांतवाडीत घर बांधलं. खाली स्वतः आणि काकू, वर जिना बाहेरून असलेली एक खोली. त्या खोलीत मी चार वर्षं राहिले. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्याबद्दल लिहावं असं तेव्हापासून मनात होतं.

कॉलनीत लोक त्यांना पाठीमागे 'मंत्रीसाहेब' म्हणायचे. काकू तोंडावर म्हणायच्या. काकू मूळच्या पुण्याच्या, त्यामुळे त्यांना पाठीमागे बोलायची सवय नव्हती.

काका सगळ्यांना 'आपण' म्हणायचे. मला, दूधवाल्याला, गेटवर बसणाऱ्या मांजरालासुद्धा. "आपण जरा बाजूला होता का?" असं ते मांजराला म्हणायचे आणि ते होईपर्यंत थांबायचे. त्यांचे वडील रेल्वेत खलाशी होते. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा आपण त्यांच्या खांद्यावर बसलो होतो, हे ते अभिमानाने सांगायचे. घराण्यात टायपिंग शिकलेला पहिला माणूस ते. संध्याकाळी बुद्धवंदना झाली की पुढच्या खोलीत बसून दिवसभराच्या पेपरातल्या आरोग्याच्या बातम्या कापायच्या, आणि मी वर जाताना दिसले की त्यातली एखादी मोठ्याने वाचून दाखवायची, हा त्यांचा नेम.

मंत्री कसे होते, असं कोणी विचारलं की समोरच्याला राजकारणातलं काहीतरी ऐकायचं असायचं. ते काकांकडे नव्हतं. कोण कुठल्या पक्षाचा होता हे ते विसरले होते, किंवा तसं दाखवायचे. त्यांना आठवायच्या त्या सवयी.

"एक होते, शेंगदाणे खात फाइल वाचायचे. फाइलमध्ये सालं सापडायची. पण वाचायचे. एक स्वतः डॉक्टर होते. सचिव आत आले की आधी त्यांना जीभ दाखवायला लावायचे, मग कामाचं बोलायचे. आणखी एक होते, त्यांना रोग्यांचे फोटो बघवत नसत. अहवालात फोटो असले की मी त्यावर कोरा कागद लावून द्यायचो. ते कागद हळूच उचलून बघायचेच. त्या दिवशी मग जेवायचे नाहीत. चांगला माणूस होता."

बहुतेकांचा चेहरा पहिल्या दिवशी उतरलेला असायचा, असं ते सांगत. मागितलेली असायची रेल्वे, मिळालेलं असायचं आरोग्य. "अभिनंदनाचे हार घेऊन लोक यायचे आणि साहेब असे बसलेले, जणू घरात काही बरंवाईट झालंय. मला वाटायचं, अहो, सगळ्या देशाचा ताप-खोकला तुमच्या हाती दिलाय, आणि तुम्हाला इंजिनं हवीत?"

या खात्याची सुरुवात एका बाईंनी केली, स्वतंत्र देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री बाई होत्या, हे माहीत आहे का, असं ते प्रत्येकाला शाळामास्तरासारखं विचारायचे आणि समोरच्याला माहीत नसलं की खूश व्हायचे. आणि स्वतःच्या नोकरीची सुरुवात सांगायचे. हे लागले तेव्हा खात्याच्या नावात 'कुटुंब नियोजन' होतं. आणीबाणीतल्या नसबंदीच्या सक्तीने लोक असे खवळले होते की सरकार पडलं आणि नव्या सरकारने तो शब्दच काढून टाकला. "माझी पहिली कामगिरी म्हणजे जुन्या कागदांवरचं 'नियोजन' खोडून त्यावर 'कल्याण' टाइप करणं. दोन महिने मी देशाचं कल्याण करत होतो. बोटं सुजली."

कोपऱ्यावरच्या उद्यानात संध्याकाळी निवृत्तांची बैठक असे. तिथे दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांचा आणि काकांचा रोजचा वाद. एकदा मी कामावरून परत येताना तो ऐकला.

"गटार तुंबलंय, डास झालेत, घरटी एक माणूस तापाने पडलाय," ते गृहस्थ म्हणत होते. "आणि तुमचा आरोग्यमंत्री दिल्लीत झोपलाय."

"गटार महापालिकेचं," काका शांतपणे म्हणाले. "त्यामुळे डासही महापालिकेचे. जिल्ह्याचं रुग्णालय राज्याचं. घटनेतच तसं लिहिलंय. दिल्लीच्या मंत्र्याला आपल्या गल्लीतल्या दवाखान्याचं कुलूपसुद्धा उघडता येत नाही."

"मग त्याच्याकडे असतं काय?"

"लसी. टीबीची, मलेरियाची औषधं. डॉक्टर कसे तयार करायचे त्याचे नियम. साथ आली तर सगळ्या राज्यांना एकत्र बसवायचं. आणि उरलेल्या सगळ्यांच्या वाटच्या शिव्या खायच्या."

"म्हणजे काही करत नाही."

"विचारतो," काका म्हणाले. "मंत्र्याचं खरं काम विचारण्याचं आहे. हे का झालं, तिथे का पोचलं नाही, कोण मेलं, कशाने मेलं. विचारणारा मंत्री असला की सगळं खातं धावतं. न विचारणारा आला की सगळे चहा पितात. मी दोन्ही पाहिलेत. मीही चहा प्यायलोय."

ते गृहस्थ हसले. मीही हसले. शेवटच्या वाक्यात काही आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मी बार्शीची. येरवड्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून पुण्यात आले होते. दुसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता मला खोकला लागला. एसीमुळे असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, कपडे सैल व्हायला लागले, ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणाल्या, काय मस्त बारीक झालीस.

एका सकाळी काका जिना चढून वर आले. ते कधी वर येत नसत. भाडेकरूच्या दारात जाऊ नये असा त्यांचा नियम होता. ते शेवटच्या पायरीच्या खालीच थांबले.

"आपल्याला खोकला येऊन सतरा दिवस झाले," ते म्हणाले. "मी खाली ऐकतोय. दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासायची असते. आज जाऊन या."

मला भयंकर राग आला. माझा खोकला कोणी मोजतंय, ही कल्पनाच सहन झाली नाही. "साधा खोकला आहे काका," मी तोडून टाकलं.

"असेल. तसा कागद आणा, मग मी माफी मागेन."

तसा कागद मिळाला नाही. टीबी निघाला.

महापालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या बाईंनी मला समजावून सांगितलं: सहा महिने रोज गोळ्या, पहिले काही दिवस मास्क, पूर्ण बरा होतो. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मी रिक्षात बसून आईला फोन केला. आई आधी रडली आणि मग म्हणाली, "कोणाला सांगू नकोस. सोलापूरचं स्थळ आलंय तुला. घरमालकांना तर अजिबात सांगू नकोस, बाहेर काढतील."

काढण्याआधी आपणच जावं म्हणून मी बॅग भरायला घेतली. संध्याकाळी बॅग घेऊन जिना उतरले तर काका-काकू दोघंही अंगणात. खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण काकूंनी नुसतं "काय गं?" विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं.

"मग बॅग कशाला?" काका म्हणाले.

"टीबी आहे मला, काका."

"ते कळलं. बॅग कशाला?"

काकू उठल्या, माझ्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाल्या, "वर जा, खिडक्या उघड. यांना त्या रोगाची फाइल तोंडपाठ आहे. आता सहा महिने तुला ती ऐकावी लागणार. रोगापेक्षा त्याचाच त्रास जास्त होईल."

त्या बोलल्या तसंच झालं. खिडक्या उघड्या हव्यात, हवा आरपार गेली पाहिजे, म्हणून काकांनी खोलीचा पडदा काढून नेला. रोज दोन अंडी. "लघवी केशरी होईल, घाबरायचं नाही," हे त्यांनी मला काकूंसमोर, मोलकरणीसमोर आणि कुरियरवाल्यासमोर सांगितलं. सकाळी सात वाजता ते जिन्याखाली येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "घेतल्या?"

"घेतल्या."

"पाण्याबरोबर?"

"नाही, कोरड्या चावून खाल्ल्या," मी एकदा वैतागून म्हणाले.

"तसं करू नये," ते गंभीरपणे म्हणाले आणि गेले.

दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं. एके दिवशी गोळ्यांनी मळमळत होतं, ऑफिसात बॉसने झापलं होतं, आणि खालून आवाज आला, "घेतल्या?" मी जिन्यावरून ओरडले, "नाही घेतल्या! बरी झालेय मी! माझ्या मागे लागू नका!" ते तिथेच उभे राहिले. वीस मिनिटं. ऊन अंगावर आलं तरी हलले नाहीत. शेवटी मी खिडकीतून त्यांना दिसतील अशा गोळ्या घेतल्या. त्यांनी मान हलवली आणि पेपर आणायला गेले.

चौथ्या महिन्यात केंद्रावर गेले तर बाई म्हणाल्या, "गोळ्या संपल्यात. वरून आल्या नाहीत."

"कधी येतील?"

"वरून आल्या की."

बाहेरच्या दुकानांत मिळेनात. मी घरी येऊन सहज सांगितलं, गोळ्या संपल्यात, येतील चार दिवसांत. काकांचा चेहरा पांढरा पडला. अर्ध्यावर गोळ्या बंद पडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो, हे ते मला शंभर वेळा सांगून झाले होते. त्या दिवशी नुसती चप्पल घातली आणि निघाले.

पुढचे चार दिवस ते 'वर' म्हणजे कुठे ते शोधत होते. केंद्राने शहराच्या कार्यालयाकडे बोट दाखवलं. शहराच्या कार्यालयाने राज्याकडे. राज्याच्या कार्यालयात त्यांना दीड तास बाकावर बसवलं आणि सांगितलं, दिल्लीहून पुरवठा नाही. दिल्लीला त्यांनी फोन केले. ओळखीचे सगळे निवृत्त झाले होते. मग त्यांनी मंत्र्यांना पत्र लिहिलं, एक पान, आणि ईमेलनेही पाठवायला मला सांगितलं. तीन दिवसांत उत्तर आलं. मी ते आनंदाने त्यांना वाचून दाखवलं: आपले पत्र पुढील योग्य कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे.

काकांनी चष्मा काढला. "हा मसुदा माझा आहे," ते म्हणाले. "वाक्य फार लांब होतं, मी छोटं करून दिलं होतं. अजून तेच वापरतात." आणि ते हसायला लागले, पण ते हसणं ऐकवेना. काकू आतून येऊन त्यांच्याजवळ उभ्या राहिल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी मला ती गोष्ट सांगितली.

खूप वर्षांपूर्वी संसदेत एका खासदाराने लेखी प्रश्न विचारला होता. (अ) काही जिल्ह्यांत क्षयरोगाच्या औषधांचा तुटवडा आहे, हे खरे आहे काय? (ब) असल्यास सरकार काय करत आहे? खालून आलेलं उत्तर काकांनी टाइप केलं: (अ) नाही. (ब) प्रश्नच उद्भवत नाही.

"त्याच दिवशी सकाळच्या टपालात एका डॉक्टरचं पत्र आलं होतं," काका म्हणाले. "कुठल्या तरी डोंगरातल्या जिल्ह्यातला सरकारी डॉक्टर. औषध संपलंय, रोगी परत जातायत, काहीतरी करा. मीच त्याची नोंद केली, मीच ते ढिगात ठेवलं. दुपारी मंत्री उत्तरावर सही करायला बसले. पेन उचललं आणि थांबले. म्हणाले, 'पक्कं आहे ना हे?' खोलीत चार अधिकारी होते. कोणी बोललं नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लघुलेखकाकडे मंत्री कधी बघत नाही, पण त्यांनी पाहिलं."

"मग?"

"मी टायपिंगच्या मशीनकडे बघितलं. साहेबांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पण त्यांनी तर विचारलं होतं. त्यांनी त्यांचं काम केलं. मी माझं केलं नाही."

मंत्र्यांनी सही केली. त्या डॉक्टरच्या जिल्ह्यात पुढे काय झालं, हे काकांना कधी कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. मी काहीतरी धीराचं बोलायला गेले, तर काकू म्हणाल्या, "राहू दे. चाळीस वर्षं मी बोलून पाहिलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी आजूबाजूच्या तालुक्यांतल्या केंद्रांचे फोन नंबर मिळवले आणि एकेक फिरवायला घेतले. प्रत्येकाला तेच वाक्य, त्याच अदबीने: "आपल्याकडे शिल्लक आहे का?" दुपारी एका गावच्या केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितलं, आमचा एक रोगी गाव सोडून गेलाय, त्याच्या गोळ्या आहेत, पेशंटचे कागद घेऊन या, रीतसर देतो. मी रजा टाकून जाते म्हणाले. "आपण दगदग करायची नाही," असं म्हणून ते माझे कागद घेऊन एकटेच गेले. तीन बस बदलून. परत आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि पाय सुजले होते. खिशातून त्यांनी लिफाफा काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घ्या. आत्ता. माझ्यासमोर."

आठ दिवसांचा खंड पडला होता. डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या केल्या, उपचार थोडे वाढवले. उन्हाळ्यात शेवटचा अहवाल आला. जंतू नाहीत. काकांनी तो दोनदा वाचला, मग काकूंनी माझ्या हातावर साखर ठेवली.

त्यानंतर काही महिन्यांनी आरोग्यमंत्री पुण्यात येणार असल्याची बातमी आली. टीबीच्या निर्मूलनाचा कार्यक्रम होता, मोठ्या सभागृहात, आणि शेवटी नागरिकांना प्रश्न विचारता येणार होते. काकांनी कुठून तरी दोन पास मिळवले. पंधरा दिवस ते एक पान लिहीत होते. औषधं संपायच्या आधी इशारा देणारी व्यवस्था का नाही, आणि केंद्रातल्या साध्या बाईला थेट दिल्लीला कळवता का येऊ नये, एवढाच प्रश्न. स्वयंपाकघरात त्याची तालीम व्हायची. काकू मंत्री.

"माननीय मंत्रिमहोदय," काका सुरुवात करायचे.

"वेळ संपली. बसा," काकू कणीक मळत म्हणायच्या.

"अहो, मंत्री असं बोलत नाहीत."

"मग कोण बोलतं? मी तर टीव्हीवर हेच ऐकते."

त्या दिवशी मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेले. सभागृह भरलेलं होतं. एका अधिकाऱ्याचं भाषण झालं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सगळं व्यवस्थित होतं, रोगी समाधानी होते. मग मंत्र्यांचं भाषण. मग प्रश्न. काकांनी हात वर केला आणि माइक त्यांच्यापर्यंत आला.

ते उभे राहिले. पान हातात होतं. तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. मी वर बघितलं. ते मंत्र्यांकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. पस्तीस वर्षं हा माणूस मंत्र्यांपासून चार हातांवर बसला होता, पण एकदाही आपणहून बोलला नव्हता. मागून कोणीतरी म्हणालं, "आजोबा, बसा आता." माइक देणाऱ्याने माइक परत घ्यायला हात पुढे केला.

मी उठून तो घेतला. का घेतला, ते आजही सांगता येणार नाही. ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं. बार्शीत कोणाला माहीत नव्हतं. सोलापूरच्या लोकांना तर नव्हतंच. समोर निदान सहा जण मोबाइलवर शूटिंग करत होते, ते मला दिसत होतं.

मी हिंदीत बोलले, माझं हिंदी जसं आहे तसं. म्हणाले, मला टीबी झाला होता. चौथ्या महिन्यात केंद्रावर गोळ्या नव्हत्या. आठ दिवस मी गोळ्यांविना होते. गोळ्या वरून येत नाहीत, असं मला सांगितलं. मला विचारायचंय की वर कोण आहे. माझे हे काका सत्तरीच्या पुढचे आहेत, तीन बस बदलून ते माझ्यासाठी गोळ्या घेऊन आले. ज्या मुलीच्या घराखाली असे काका राहत नाहीत, तिने काय करायचं?

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली आणि जरा सरकून बसल्या. तेही मला दिसलं.

अधिकारी काहीतरी सांगायला मंत्र्यांकडे वाकले. मंत्र्यांनी हाताने त्यांना थांबवलं आणि मला विचारलं, कुठलं केंद्र, कुठला महिना, आता तब्येत कशी आहे. मी सांगितलं. त्यांनी पेन मागून घेतलं आणि समोरच्या कागदावर लिहिलं. "मी बघतो," म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढचा प्रश्न विमा योजनेवर आला.

बाहेर आल्यावर काका पार्किंगमधल्या कठड्यावर बसले. मला वाटलं, प्रश्न विचारायचा राहिला म्हणून वाईट वाटत असेल. मी म्हणाले, "काका, सॉरी, तुमचा प्रश्न..."

"त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं," ते म्हणाले. "पाहिलंत? सचिवाला लिहायला सांगितलं नाही." त्यांचे डोळे भरले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "आपण फार चांगलं बोललात. मला जमलं नाही." मी त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "जरा लांबलं मात्र."

लिहून घेतलेल्या त्या कागदाचं मंत्र्यांनी काय केलं, मला माहीत नाही. इशाऱ्याची व्यवस्था झाली की नाही, तेही माहीत नाही. व्हिडिओ मात्र मी घरी पोचायच्या आत बार्शीला पोचला. आईचा फोन आला तेव्हा मी ओरडा खायच्या तयारीने उचलला.

"सगळ्या गल्लीनं पाहिलं," ती म्हणाली.

"हं."

"सोलापूरहून फोन आला होता. नको म्हणाले." मग थांबून, "आवाज बरा होता तुझा. मागच्या माणसापर्यंत गेला असेल."

दोन आठवड्यांनी केंद्रातल्या बाईंचा फोन आला. मला वाटलं, आता त्या माझ्यावर चिडणार. त्या म्हणाल्या, "ताई, आमच्याकडे एक मुलगी आहे. मार्केट यार्डात वडील हमाली करतात, इकडे मावशीकडे आणून ठेवलीय तिला. गोळ्या घेत नाही. मावशीचं ऐकत नाही, आमचं ऐकत नाही. तुमचा व्हिडिओ पाहिलाय तिने. जरा येता का?"

मी खाली जाऊन काकांना विचारलं, तिला काय सांगू?

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "मला कधी टीबी झाला होता?" तरीही शर्ट बदलून माझ्याबरोबर आले. केंद्रात मात्र आत यायला तयार नव्हते. "माझं तिथे काय काम," म्हणून बाहेरच्या बाकावर बसले.

मुलगी एकोणीस-वीस वर्षांची होती. स्कार्फने सगळा चेहरा गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. मी शेजारी बसले. मग तिनेच विचारलं, "ते व्हिडिओतलं खरं होतं का?"

"खरं होतं."

"तुमचं लग्न झालंय?"

"नाही."

"याच्यामुळे?"

"एक मोडलं याच्यामुळे," मी म्हणाले. "पण तो मुलगा फोटोतसुद्धा घोरत असल्यासारखा दिसायचा."

स्कार्फच्या आत ती हसली. ते डोळ्यांवरून कळलं. टेबलावर गोळ्यांचं पाकीट आणि पाण्याची बाटली होती. तिने पाकिटातून गोळ्या काढल्या, तळहातावर घेतल्या आणि तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "तुम्ही तिकडे बघा."

मी दाराकडे तोंड फिरवलं. बाहेर बाकावर काकांना उन्हात झोप लागली होती, मान एका बाजूला कलली होती. माझ्यामागे बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.